यंत्राष्टकाची फलश्रुती

३ जानेवारी, सकाळी ७.४०
बर्फ काढायचा छोटा डिझेल ट्रॅक्टर चालू झाला नाही. घुर्र, घुर्र, गप्प. दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत तीनशे पावलं बर्फ. टॅक्सीवाला रस्त्यावरूनच हॉर्न वाजवतो, आत येत नाही. १६ला सकाळी आठ वाजता सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. तारीख चार महिने थांबून मिळालीय. मी शब्द दिला आहे, टॅक्सी दारात येईल. अजून तेरा दिवस आहेत. चिंतेचं कारण नाही.

४ जानेवारी
मिस्त्री येऊन गेले. म्हणाले, सर, थंडीत इंजिन तुमच्यासारखंच, उठवायला वेळ लागतो. सूचना दोन. किल्ली अर्धी फिरवून पंधरा सेकंद धरायची, म्हणजे आतले ग्लो प्लग तापतात, मगच स्टार्टर. आणि रोज दोन तास आधी इंजिनाच्या हीटरची पिन सॉकेटमध्ये घालायची. हीटर बसवूनच गेले. पहिली सूचना शास्त्रीय. दुसरी म्हणजे निव्वळ लाड. तीस वर्षं संस्कृत शिकवलं, एकाही विद्यार्थ्याला शेकोटी दिली नाही. वायर खुंटीला टांगली.

६ जानेवारी
पंधरा सेकंद मोजायचे कसे? घड्याळ बघायला हातमोजा काढावा लागतो. तोडगा काढला. ट्रॅक्टरला उद्देशून एक अनुष्टुभ रचला. संथ म्हटला की बरोबर पंधरा सेकंद. तिसऱ्या खेपेला थोडा धूर, चौथ्या खेपेला नुसता माझा खोकला. हिने खिडकीतून विचारलं, अहो, हीटर लावू का? म्हटलं, या घरात यंत्रांचे लाड होणार नाहीत. खिडकी लावून घेतली. पटलं असावं.

७ जानेवारी, ७.१०
चालू झाला! पहिल्याच श्लोकाला. बॉनेट चक्क कोमट लागलं. शुद्ध उच्चारांचा परिणाम.

९ जानेवारी
आणखी दोन श्लोक. ट्रॅक्टर आज्ञाधारक.
मागच्या दारापासून शेडपर्यंत बर्फात पावलं, जाणारी आणि येणारी. चोर असावा. पण काहीच गेलेलं नाही. हिला सांगितलं. म्हणाली, बिचाऱ्या चोराचे पाय किती गारठले असतील! हिचं मन फार कोमल.

१२ जानेवारी
अष्टक पूर्ण. म्हणायला दोन मिनिटं. मिस्त्रींना फोनवर ऐकवलं. म्हणाले, सर, दोन मिनिटं किल्ली धरलीत तर बॅटरी बसेल. म्हटलं, स्तोत्र मध्येच तोडता येत नाही. माणूस चांगला, पण भाषेचा गंध नाही.

१५ जानेवारी, संध्याकाळ
गुडघाभर बर्फ. हिने विचारलं, मिस्त्रींचा मोठा ट्रॅक्टर सांगून ठेवू का? मी दुखावलो. सासूबाई म्हणाल्या, राहू दे गं, जावईबापूंनी शब्द दिलाय. माझ्याकडे मोठ्या विश्वासाने बघत होत्या. खरं तर खुंटीवरच्या माझ्या कोटाकडे.

१६ जानेवारी, ६.५०
बॉनेट बर्फाइतकं गार. अष्टक एकदा. घुर्र. दुसऱ्यांदा. घु. तिसऱ्यांदा, अत्यंत शुद्ध. टिक्.

७.०५
मिस्त्रींना फोन. ते दुसरीकडे बर्फ काढताहेत. दहाच्या आत येणं अशक्य.

८.३०
मी आणि ही, दोन फावडी, सत्तर पावलं. टॅक्सी हॉर्न वाजवून वाजवून निघून गेली. सासूबाई कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन दाराशी बसल्या होत्या. हॉस्पिटलला फोन केला. पुढची तारीख एप्रिलमध्ये.

संध्याकाळ
म्हटलं, आजच कसा अडला कोण जाणे, हवेत काही दोष असावा. सासूबाई बोलल्या. म्हणाल्या, मला दिसत नाही, पण ऐकू येतं. रोज पाचला मागचं दार वाजतं, साडेसहाला पुन्हा वाजतं. आज वाजलं नाही. पाचपासून ती दर थोड्या वेळाने माझ्या डोळ्यात ऑपरेशनआधीचे थेंब घालत होती. मला वाटलं, आज तरी हीटर तुम्ही लावला असेल.
ही उठून स्वयंपाकघरात गेली.

१७ जानेवारी, ८.००
काल दुपारी मिस्त्री बॅटरी चार्ज करून गेले होते. पाचला उठून हीटर लावला. सातला किल्ली फिरवली, मनात पंधरापर्यंत आकडे मोजले. लगेच चालू.
तीनशेच्या तीनशे पावलं साफ केली. आता टॅक्सी थेट दारात येईल.
कुणालाच कुठे जायचं नाही.