शेठची बॅटरी रात्रीत का उतरायची त्याची हकीकत

धुळे,
दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप आधारमामांच्या पायांवर भाचा निंबाचं डोकं (साबणाने धुतलेलं आहे, ग्रीस आता फक्त कानामागे उरलंय).

मी इकडे खुशाल, तुम्ही तिकडे खुशाल असाल असं धरून चालतो. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला मी विचारला म्हणून सांगा. पाचवीत शाळेने मला सोडलं (का मी शाळेला, तो वाद तुम्ही मिटवलेला आहेच), म्हणून अक्षर सांभाळून घ्या.

मामा, तुम्ही मला जिवंत सोलायचं ठरवलं होतं का? मी लीलाधर शेठची ॲम्बेसिडर हाकतो. हाकतो, एवढंच. तुम्ही एरंडोलच्या जीवरामअण्णांना सांगून बसलात की आमचा भाचा मोटारीचा मोठा कारागीर आहे, बंद गाडी त्याच्याकडे नुसती बघून सुरू होते. त्यावर अण्णांचा निरोप, की दसऱ्याला मुलीला घेऊन धुळ्याला देवीच्या दर्शनाला येतोच आहोत, तेव्हा मुलाचा हात बघू, हात पसंत पडला तर मुलगी देऊ. द्रौपदाला मी पारोळ्याच्या लग्नात पंगतीत वाढताना एकदाच पाहिली होती. तिने मला मागितली नसताना जिलबी वाढली, तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. आणि नेमकी घट बसले त्याच्या दुसऱ्या सकाळी गाडीने मान टाकली. चावी फिरवली तर आतून नुसतं ‘टक्’. म्हातारं माणूस जांभई देताना जबडा वाजतो, तसं.

मी बॅटरी उतरवली, खांद्यावर घेतली (पँटला ॲसिड लागून जी भोकं पडली ती दाखवण्यासारख्या जागी नाहीत), बॅटरीवाल्याकडे चार्जिंगला लावली, संध्याकाळी आणून बसवली. गाडी अशी सुरू झाली की शेजारचं कुत्रं उठून निघून गेलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा टक्. मग मी टर्मिनलवरचा पांढरा भुगा गरम पाण्याने धुतला, डिस्टिल वॉटर भरलं, पट्टा ताणला, डायनामोचे कार्बन बदलले. रोज संध्याकाळी गाडी नवऱ्या मुलासारखी उभी आणि रोज सकाळी मेलेली. गल्लीतल्या लोकांचं तर विचारूच नका. समोरच्या वच्छलाबाई म्हणाल्या, नजर लागली. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, वायर उलटी शिवलीय. शेठ धोतर सावरत ओट्यावर यायचे आणि म्हणायचे, “काय कारागीर, आज काय बदललं? गाडीतलं सगळं बदललंस, आता एक ड्रायव्हर तेवढा राहिलाय. दसऱ्याला पूजेची गाडी जागची हलली नाही तर तोही बदलतो.” म्हणजे नोकरी आणि नवरी एकाच दिवशी जाणार!

अष्टमीला दिवे लागायच्या वेळेला मी पान्हा विसरलो म्हणून गाडी उभी असते त्या पडवीत गेलो. शेठच्या आई मंजुळाबाई रोज संध्याकाळी गाडीवर धूळ बसू नये म्हणून चादर टाकतात (असं मला वाटायचं). चादरीखालून लाल उजेड येत होता. चादर वर केली तर आत सप्तशृंगीच्या फोटोला, आग्रा रोडवरच्या ट्रकवाल्यांच्या दुकानातून आणलेलं बल्बांचं तोरण गाडीच्याच बॅटरीवर भकाभक पेटलेलं (सकाळी मला ते विझलेलंच दिसायचं, मला वाटायचं दसऱ्याची सजावट), आणि आजी मागच्या सीटवर मांडी घालून जप करत बसलेल्या.

मी म्हटलं, आजी, हे काय? त्या म्हणाल्या, “अरे, नवरात्रना अखंड दिवा शे. घरमानी समई मागला साल मांजरनी पाडी. आठे ना वारा, ना मांजर. नऊ दिन रातभर जळस, दिनले सूर्यनारायण शेच, पहाटे मी झोपेल ऱ्हास, तू येस तवय बंद करत असशी.”

मामा, मी तिथंच बसलो. तोरण पेटवलं की बॅटरी उतरणार आणि बॅटरी उतरली की तोरण विझणार. म्हणजे हा अखंड दिवा घट बसल्यापासून रोज रात्री विझत होता आणि आजीला त्याचा पत्ताच नव्हता! आता शेठला खरं सांगावं तर नोकरी वाचते, पण आजींच्या व्रताचं काय? त्या माउलीने अन्न सोडलं असतं. मी म्हटलं, हो आजी, मीच बंद करतो. त्या म्हणाल्या, “मोठं पुण्य लागी तुले.” पुण्य कसलं, घामच फुटला.

मग डोकं चाललं (कधी कधी चालतं). बॅटरीवाल्याकडून एक म्हातारी बॅटरी भाड्याने आणली, पोत्यात गुंडाळून मागच्या सीटच्या पायाशी ठेवली आणि तोरण तिला जोडलं. तोरण रात्रभर जागलं, गाडी रात्रभर झोपली, सकाळी दोघं टवटवीत. शेठने विचारलं, फॉल्ट काय होता? मी म्हटलं, अंगात मुरलेला होता, काढला.

काल दसरा. झेंडूच्या माळेतून चावी फिरवली. अर्ध्या चावीत गाडी सुरू. शेठ खूश, आजी म्हणाल्या देवी पावली, आणि जीवरामअण्णा बॉनेटला कान लावून मान डोलवत होते. हात पसंत आहे म्हणाले. तेव्हा तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य लाभो, आणि आता माझ्याबद्दल कुणाला काही सांगू नका.

आपला आज्ञाधारक (नाइलाजाने)
निंबा

ता. क. : पत्राचं खरं काम लिहायचं राहिलं. अण्णांचा ट्रॅक्टर दोन वर्षांपासून बंद आहे. कोजागिरीला येऊन तो सुरू केला की सुपारी फोडू, म्हणाले. मी हो म्हणालो, तोंडातून निघून गेलं. तरी तुमच्या गावच्या छगन मिस्त्रीला माझा मावसभाऊ म्हणून एरंडोलला पाठवा. मी ट्रॅक्टरवर हात फिरवीन. हात बरोबर जागी आला की त्याने खोकायचं.

ता. क. दुसरं : छगनला पाठवू नका. आपट्याचं पान हातात देताना द्रौपदा हळूच म्हणाली, “ट्रॅक्टरले काही हुयेल नही. अण्णानी डिझेलनी तोटी बंद करी ठेयेल शे. माले देखाले येल पहिलेना दोन्ही पोरे इंजिन खोली बसनात. तुम्ही नका खोलजात.” मामा, ‘तुम्ही’ म्हणाली!

ता. क. तिसरं : तरी छगनला पाठवाच. ती तोटी ट्रॅक्टरला कुठे असते, ते तिला विचारायचं राहून गेलं.