सव्हानाचं माहितीपत्रक

हॅनोव्हर, रविवार, ७ जून १९५९

ती. सौ. मालिनीवहिनींना दत्ताचा साष्टांग नमस्कार.

दादांचा दमा यंदा कसा आहे? आईच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं ठरलं का? मी ठीक आहे. (ठीक म्हणजे जेवण जातं, झोपेचं विचारू नका.) प्रबंध चालू आहे असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर प्रबंध थांबलाय आणि मी चालतोय. गावातल्या तळ्याला रोज दोन फेऱ्या होतात. हे पत्र लिहायला बसल्यापासूनही तीनदा उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो. कारण सांगतो, पण वाचून हसायचं नाही.

आमच्या घरमालकीणबाई फ्राऊ ब्रिंकमान यांच्याविषयी मागे लिहिलंच होतं. (वय चव्वेचाळीस, नवरा रशियाच्या आघाडीवरून परतला नाही. फोडणीचा वास आवडतो असं म्हणणाऱ्या अख्ख्या हॅनोव्हरात त्या एकट्याच.) त्यांची मुलगी हेल्गा फ्रँकफुर्टला अमेरिकन लष्कराच्या कचेरीत टायपिस्ट आहे. तिनं तिथल्याच रॉय नावाच्या सैनिकाशी लग्न ठरवलंय. मुलगा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सव्हाना नावाच्या जुन्या शहरातला. लग्न तिकडेच, ऑक्टोबरात. मुलाच्या आईनं कळवलं की विहीणबाईंनीही कायमचं आमच्याकडेच राहायला यावं, आणि सोबत त्या शहरातल्या प्रेक्षणीय स्थळांचं एक रंगीत माहितीपत्रक धाडलं. बाईंना इंग्रजी येत नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी कॉफी ओतता ओतता त्यांनी ते माझ्यापुढे सरकवलं. म्हणाल्या, "हेर आगाशे, (हेर म्हणजे इकडचं 'श्रीयुत') तुम्ही प्रामाणिक गृहस्थ आहात. वाचून सांगा, तिथे माणसानं म्हातारं व्हावं असं गाव आहे का ते?"

वहिनी, बाई गेल्या तर हे घर सुटणार आणि माझी खोलीही. प्रामाणिक माणसाला असला प्रश्न विचारू नये.

एकही शब्द खोटा बोललो नाही, हे आधी सांगतो. त्या शहरात वीसबावीस देखणे चौक आहेत, मध्ये बाग, भोवती जुनी घरं. मी सांगितलं, "गावात वीसबावीस ठिकाणी घरंच बांधलेली नाहीत." ओकच्या मोठमोठ्या झाडांवरून राखाडी शेवाळं जटांसारखं लोंबतं, त्याचं चित्र होतं. बाईंनी विचारलं, "झाडं आजारी आहेत का?" मी म्हणालो, "तसं इथे लिहिलेलं नाही." (लिहिलेलं नव्हतंच!) नदीकाठच्या स्मशानाला मात्र मी पूर्ण न्याय दिला. तो परिच्छेद दोनदा वाचला, दुसऱ्यांदा जरा खालच्या आवाजात. मग किल्ला आला. तोफांच्या माऱ्यानं त्याच्या भिंती फुटल्या, त्या लोक अजून बघायला जातात. बाई म्हणाल्या, "फुटक्या भिंती बघायला अमेरिकेला कशाला जायचं? आमच्या गल्लीच्या टोकाला आहेत की!" मी मान डोलावली. पुढच्या पानावर पांढरं कारंजं होतं, त्यापुढे बेट, दीपगृह, समुद्रकिनारा. ती दोन पानं मी एकदम उलटली. डायरीत त्या दिवशी एवढंच लिहिलंय : 'आज दोन पानं एकदम उलटली.' त्याखाली काय लिहावं ते सुचेना.

एक गोष्ट खरोखर विचारण्यासारखी होती. त्या चौकांतल्या सुंदर बाकांवर माझ्या रंगाच्या माणसाला बसू देतात का? पत्रकात त्याविषयी अक्षर नव्हतं. खरा आक्षेप तेवढा एकच, आणि तोच मी घेतला नाही, कारण तो माझ्याविषयी होता.

एवढ्यावर निभावलं असतं. पण बाईंनी हेल्गाला कळवलं की मी येणार नाही आणि असल्या गावात तुलाही देणार नाही. काल दुपारच्या गाडीनं हेल्गा येऊन थडकली. डोळे सुजलेले, टोपी अजून डोक्यावरच. "मम्मा, रॉयची आई तुझ्या खोलीसाठी पडदे शिवतेय, आणि तू लिहितेस तिथे थडगी आणि रोगट झाडं आहेत?" बाई म्हणाल्या, "हेर आगाशेंनी वाचून दाखवलं." मग दोघी माझ्याकडे बघू लागल्या. वहिनी, लहानपणापासून लोक माझ्या खरेपणाला हसत आले. काल कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी पत्रक मागून घेतलं आणि पहिल्या पानापासून सगळं वाचलं. चौक, बागा, कारंजं, दीपगृह, समुद्र, काही सोडलं नाही. हेल्गा शेजारी बसून शब्दन् शब्द तपासत होती. एके ठिकाणी 'रमणीय' म्हणायचं राहिलं, तर तिनं ते म्हणायला लावलं. संपल्यावर बाईंनी समुद्राचं पान पुन्हा उघडलं. मग म्हणाल्या, "आल्झो, (म्हणजे 'असं होय') समुद्रही आहे तर." आणि मग, "का केलंत असं?" मी म्हणालो, "खोलीसाठी." त्या म्हणाल्या, "खोली काय, दुसरी मिळेल तुम्हाला. आणखी काही?" मी म्हणालो, "नाही." हेल्गानं आईला मिठी मारली. तिचं लग्न आता नक्की आहे, ही यातली चांगली गोष्ट. बाई उद्या पासपोर्टचा अर्ज देणार आहेत.

दादांना नमस्कार, सुलेखाला आशीर्वाद.

आपला,
दत्ता

ता. क. : सांगलीच्या शिक्षिका कुसुमताईंचं स्थळ तुम्ही सुचवलंत. याआधीच्या अकरा जणींना नाही म्हणताना मी प्रत्येक वेळी वेगळं कारण दिलं, आणि प्रत्येक कारण मला तेव्हा खरं वाटलं होतं. त्यांनाही नाही कळवा. या वेळचं कारण खाली आहे.

ता. क. २ : ते खोलीसाठी नव्हतं.

ता. क. ३ : पाकीट बंद करायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन आलो. बाई बटाटे सोलत होत्या. 'नाही' म्हणालो ते चुकीचं होतं, आणखी होतं, असं सांगितलं आणि काय होतं तेही सांगितलं. त्यांनी आणखी तीन बटाटे सोलले. मग म्हणाल्या, "लग्नाला जावं लागेल हेर आगाशे, मुलगी आहे. तिकीट परतीचं काढते." आता आईला सांगायचं काम तुमचं, आणि हे पत्र त्यासाठीच. खोटं काही सांगू नका. बाई जर्मन आहेत, विधवा आहेत, मांस खातात, मुलगी लग्नाची आहे आणि स्वभावानं फार चांगल्या आहेत. क्रम तेवढा तुम्ही लावा.