प्रवासी संख्या: चार

११ डिसेंबर, गुरुवार. सायं. ७.४०

निर्णय झाला. २४ ते २८ डिसेंबर आम्ही चौघांनी बाहेर जायचं. आई, बाबा, पिंटू, मी. कुठे, ते दोन दिवसांत ठरेल.

कारण फक्त इथे लिहिते. कोइम्बतूरच्या कंपनीचं पत्र येऊन सहा आठवडे झाले. ५ जानेवारीला रुजू व्हायचंय. चिनहटच्या लॅबमध्ये राजीनामा देऊन झालाय. घरी सांगायचं राहिलंय. घाबरत नाही. योग्य जागा मिळत नाही, इतकंच. इंदिरा नगरच्या या घरात टीव्ही, कुकर आणि पिंटू एकाच वेळी चालू असतात. मी दिवसभर गेज आणि थर्मामीटर तपासते. टेबल हलत असताना घेतलेलं रीडिंग धरत नाहीत. प्रवासात, शांत ठिकाणी सांगेन.

अटी:
१. शांतता.
२. नातेवाईक १५० किमीच्या आत नकोत.
३. स्तूप, विहार, उत्खनन नको. इकडे उत्तरेत राहायला आल्यापासूनच्या चौदा वर्षांत, भंडाऱ्याहून येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन, श्रावस्ती अकरा वेळा, कुशीनगर नऊ, सारनाथ आठ. प्रश्न श्रद्धेचा नाही, पुनरावृत्तीचा आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

जेवताना विषय काढला. बाबांनी धुकं किती आहे ते विचारलं. आई म्हणाली, कुठेही चालेल, ऊन असावं. पिंटू म्हणाला, मनाली. तो हल्ली मराठी ऐकतो आणि हिंदी बोलतो. तीन माणसं, तीन दिशा. हे तोंडी जमणार नाही.

ऑनलाइन फॉर्म तयार केला. सहा प्रश्न. ठिकाण, आसनाची पसंती, आहार, ‘तुम्ही किती जण’ (अनावश्यक, पण रकाना रिकामा बरा दिसत नव्हता) वगैरे. वर ठळक अक्षरांत: ‘कुटुंबातील प्रत्येकाने भरणे आवश्यक.’ ‘घर’ या ग्रुपवर टाकला. सदस्य चार. मुदत रविवार, सायं. ६.

१४ डिसेंबर, रविवार. सायं. ६.०५

उत्तरं आली नऊ.

सदस्य चार, उत्तरं नऊ. म्हणजे पिंटूने पाच जादा भरली. पुरावा: त्या पाचही उत्तरांत ठिकाण ‘अन्य’ आणि पुढे ‘श्रावस्ती’. मी तेच नको म्हटलंय, हे त्याला माहीत आहे. एकात आसनाच्या पसंतीपुढे ‘खालची सीट, गुडघे’. एकात ‘भाजीत तेल कमी’. पिंटू एकोणीस वर्षांचा आहे. गुडघे उत्तम, तेल चालतं. उपरोध उघड आहे.

विचारलं तर म्हणाला, “दीदी, मेरे पास इतना टाइम है क्या?” त्याच्याकडे वेळ आहे. मी पाहते.

पाच उत्तरं बाद केली. त्यांच्या ‘किती जण’ची बेरीज सात येते. निरर्थक.

उरलेल्या चारांवर गुणांकन: नैनिताल ७.४२, जैसलमेर ७.३९. फरक त्रुटीच्या मर्यादेत. कोणत्या प्रश्नाला किती वजन, ते भारांक पुन्हा ठरवावे लागतील. घाईत निर्णय घेणारी मी नव्हे.

१६ डिसेंबर, मंगळवार

जैसलमेर: वेटिंग ११८. नैनिताल: एकही खोली नाही. दोन्ही बाद झाल्याने काम सोपं झालं.

सांगायचा मजकूर लिहून काढला. ९४ शब्द. सुरुवात करिअरपासून, मध्ये अंतर, शेवटी ‘दर तीन महिन्यांनी येईन’. मेट्रोत मनातल्या मनात म्हणून पाहिला. शेजारच्या बाईंनी विचारलं, मी त्यांना काही म्हणतेय का. म्हणजे आवाज बाहेर येत होता. सुधारणा हवी.

१८ डिसेंबर, गुरुवार. दुपार

सुट्टी घेतली होती. आई आणि मी गच्चीवर उन्हात मटार सोलत बसलो. दोन किलो. पिंटू क्लासला, बाबा ऑफिसात. टीव्ही बंद. शेजारच्या गच्चीवरही कोणी नव्हतं. अर्धा किलो झाल्यावर आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “सोनू, काही बोलायचंय का तुला?”

मी म्हटलं, “लॅन्सडाउन कसं वाटतं?”

ती म्हणाली, चांगलं असेल.

ही ती जागा नव्हती. हातात मटार होते.

२० डिसेंबर, शनिवार

लॅन्सडाउन नक्की. नजीबाबादपर्यंत गाडी, पुढे टॅक्सी. देवदार, थंडी, शांतता. होमस्टेच्या फोटोत दरीकडे तोंड केलेला बाक आहे. तिघांचा. त्या बाकावर आई-बाबांना बसवून समोर उभं राहून सांगेन. २५ तारीख, सकाळी ११. दोन खोल्या घेतल्या. आता फक्त रेल्वेचं तिकीट.

आई मात्र तयारी जास्त करते. दिवाणातून रजया काढून गच्चीवर उन्हात घातल्या. सात. मी सांगितलं, तिथे रजया मिळतात. म्हणाली, असू देत. दहा किलो कणीकही आणली. पाच दिवसांना, चौघांना. हिशोब लागत नाही, पण तिचा उत्साह मोडायला नको.

बाबा फोनवर टेम्पो ट्रॅव्हलरबद्दल बोलत होते. ऑफिसची पिकनिक असावी.

२३ डिसेंबर, मंगळवार. स. १०.०४

तत्काळ. ९.५८ ला लॉगिन, चौघांची नावं आधीच भरलेली, बोट तयार. १०.०० ला कॅप्चा. तो दुसऱ्या वेळी बरोबर आला. वेटिंग ७ ते १०. अभ्यासाअंती कन्फर्म होण्याची शक्यता ७२ टक्के.

आईला सांगितलं. ती कपाट आवरत होती. माझं कपाट. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाली, “अगं, पण उद्या तर...” तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. नंतर विचारायचं राहिलं.

२४ डिसेंबर, बुधवार

स. ६.१५. दाट धुकं. बाबा चारबाग स्टेशनवर गेले. वेटिंगचं बघायला असतील. गरज नव्हती.

स. ११.३०. चार्ट तयार. वेटिंग १ ते ४. तिकीट आपोआप रद्द. सातवरून एकवर आलं, म्हणजे अंदाजाची दिशा बरोबर होती.

स. ११.५०. बेल. बाबा. त्यांच्यामागे गयाआत्या, तिच्यामागे हर्षवर्धनकाका, त्यांच्यामागे भंडाऱ्याचे आणखी पाच जण. नागपूरची गाडी साडेपाच तास लेट होती. एकूण सात.

दु. ३.००. खुलासा. फॉर्मवर ‘कुटुंबातील प्रत्येकाने भरणे आवश्यक’ असं मीच लिहिलं होतं, म्हणून आईने तो ‘रामटेके परिवार’ या मोठ्या ग्रुपवर पुढे पाठवला. पाहुण्यांची तिकिटं ऑक्टोबरपासून होती. बाबांच्या मते त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. माझ्या नोंदीत ते नाही.

आत्याने माझ्या पाठीवर हात फिरवला. “काहून वो सोनू, किती छान केला होता फॉर्म! आतापर्यंत इतक्या खेपा आलो, पण माझे गुडघे कोणी विचारले नव्हते.”

मी तिला गाडीत खालची सीट मिळाली का ते विचारलं. मिळाली नव्हती. मधली मिळाली.

होमस्टे रद्द केला. पिंटूची माफी मागितली नाही. त्याची तशी अपेक्षाही नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार. सायं. ८.००

पहाटे साडेपाचला टेम्पो ट्रॅव्हलर. अकरा जण. श्रावस्ती, बारावी खेप.

बहराइचच्या अलीकडे धुक्यात पुढचं काही दिसेना, ड्रायव्हरने ढाब्यावर गाडी लावली. सगळे चहाचे कुल्हड घेऊन शेकोटीभोवती उभे राहिले. ढाब्यावर लाउडस्पीकर होता. एक ट्रक सुरू होत होता आणि बंद पडत होता. काकांनी सहज विचारलं, काम कसं चाललंय तुझं.

मी म्हटलं, “चिनहटची नोकरी सोडली. पाच तारखेला कोइम्बतूरला रुजू होतेय.”

आठ आठवडे, ९४ शब्द. खर्च झाले आठ. वेळ सकाळचे ८.१०. ट्रक पुन्हा बंद पडला.

बाबांनी कुल्हड दुसऱ्या हातात घेतला. आई शेकोटीकडे बघत होती. मग म्हणाली, “तिकडे थंडी असते?”

मी म्हटलं, नसते. किमान एकोणीस.

“मग स्वेटर काढून ठेवते,” ती म्हणाली. “काल कपाट आवरताना वाटलंच मला, कपडे वेगळे लावलेत.” परवा आवरलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

बाबांनी स्टेशनपासून कंपनी किती लांब, एवढंच विचारलं. सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

तेवढ्यात काका म्हणाले, “कोइम्बतूर? म्हणजे उटी किती?”

प्रश्न विचारला की मी उत्तर देते, ही सवय वाईट. “८६ किलोमीटर.”

आत्याने चहा संपवला. “मग झालं. पुढच्या डिसेंबरात सोनूकडे.”

ठिकाण ठरलं. अर्ध्या कुल्हडात. गुणांकन नाही, पर्याय नाहीत, विरोधी मत नाही. मला चौदा दिवस लागले होते.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी आई माझ्या खोलीत आली. मागे दार लावलं. म्हणाली, फेब्रुवारीत ती येणार आहे. एकटी. बाकीच्यांना आत्ता कळवायचं नाही.

किती दिवसांसाठी, ते मी विचारलं. म्हणाली, ते तिथे आल्यावर बघू. मी तारखा मागितल्या नाहीत. लिहून घ्यायला हातात काही नव्हतं, हे एक कारण.

२८ डिसेंबर, रविवार. दुपार

पाहुण्यांची गाडी २ ला आहे. कणीक संपली.

निघण्यापूर्वी पुढच्या वर्षाची बैठक झाली. मी स्पष्ट सांगितलं की कोइम्बतूरला एकच खोली आहे, बारा बाय दहा, खाट एक. परिस्थिती लक्षात यावी म्हणून कागदावर नकाशा काढून दाखवला, खिडकी आणि दारासकट, प्रमाणात. ती चूक झाली. आत्याने पिंटूकडे पेन मागितलं. खाटेवर ती, गुडघ्यांमुळे. खिडकीखाली काका. भिंतीकडे बाकीचे पाच, डोकी एकीकडे. बाबा मधे. पिंटू खाटेखाली, त्याला चालतं म्हणे. आईने स्वतःसाठी जागा मागितली नाही, आणि ती का मागत नाही हे फक्त मला माहीत होतं.

नकाशा तपासला. मापात बसतात.

मला दाराजवळची जागा दिली आहे.