पाठीमागं बांधलेले हात

आबा, परवा मी शाहूवाडीला लग्नाला गेले होते. तिथं फोनला रेंज नव्हती आणि तेवढ्या दोन दिवसांत माझी सगळी घमेंड उतरली. आमचं सॉफ्टवेअर दूध संस्थांमध्ये चालतं, दूध मोजलं की पावती निघते. त्या सकाळी पावत्या निघेनात. कॅन घेऊन माणसं रांगेत ताटकळली, आणि ऑफिसातल्या पाच जणांपैकी एकालाही दोष सापडेना. परत आल्यावर मी तो दहा मिनिटांत काढला. खोटं कशाला बोलू, तेव्हा बरंच वाटलं.

मग सगळ्यांत नव्या मुलीला विचारलं, "अगं, हे तूच लिहिलंस ना? रिव्ह्यूत मी ओळ न् ओळ तपासली होती." रिव्ह्यू म्हणजे एकाचं काम वापरात जाण्याआधी दुसऱ्यानं वाचायचं. नव्यांनी त्यातून शिकावं म्हणून ही पद्धत मीच हट्टानं सुरू केली होती. मुलगी कागलची, तिला आडपडदा ठाऊक नाही. म्हणाली, "व्हय की मॅडम, तपासलासा. पण चूक दिसली की तुम्हीच दुरुस्त करून टाकताय. मी खाली नुसतं ओके लिहितो. वरीस झालं, मला कायबी येत न्हाय." तिचं म्हणणं कुणीच खोडून काढलं नाही.

मी चाट पडले, आबा. वर्षभर मी शिकवतेय असं समजत होते आणि प्रत्यक्षात एकटीच सगळ्यांचं काम करत होते. अजून विश्वास बसत नाही.

आणि आठवला तुमचा उद्यमनगरातला कारखाना. मी शाळकरी, तुमचा डबा घेऊन आलेय. नव्या कामगारानं लेथ मशीनवरून पहिला नग काढलाय, तो चुकलाय हे तुम्हाला लांबूनच कळलंय, तरी तुम्ही हात पाठीमागं बांधून उभे. तो मापतोय, घाम पुसतोय, परत मापतोय. मी म्हणते, "आबा, सांगा की त्यांना." तुम्ही माझ्यावरच खेकसता, "गप. माझा हात लागला की त्याचं शिकणं थांबलं." मला वाटलं, तुम्ही अंग चोरताय. घरीही माझ्या गणिताच्या वहीशेजारी तुम्ही तसेच उभे राहायचात आणि "परत बघ" एवढंच म्हणायचात.

आज मी चाचणीच्या प्रतीत तोच दोष मुद्दाम परत घातला आणि मुलीला शोधायला बसवलं. दोनदा माझा हात कीबोर्डकडं गेला. शेवटी उठून उभी राहिले आणि हात मागं बांधले. तासाभरानं तिला दोष सापडला. शिवाय शेजारी माझी स्वतःची एक जुनी चूकही सापडली. माझं काम आजवर कुणी तपासलंच नव्हतं. "मॅडम, हे तुमचंच हाय की," ती म्हणाली. मला दुसऱ्यांदा धक्का बसला, पण या वेळी हसू आलं.

बारावीला गणितात आपटले तेव्हा मी तुम्हाला म्हणाले होते, "लोकांच्या पोरांना घडवता, स्वतःच्या पोरीला कधी काही शिकवलं नाहीत." तुम्ही पाठ फिरवून खिडकीशी उभे राहिलात. हे पत्र पाठवायला आता पत्ता नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. त्या दिवशी तुमच्या मागं बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांत घट्ट आवळलेली होती. ती मी पाहिली होती, आबा. पाहूनही दार आपटून निघून गेले.