अमेरिकेहून आलेली पांढरी गाडी

ता. १९ सप्टें. ०९, शनिवार
प्र.ला नोकरी लागली. माझा लेक प्रशांत. मंदीत बिल्डिंगवाली कंपनी बंद पडल्यापासून घरीच होता, खिडकीशी उभा राहायचा नुसता. आमच्या मजल्यावरची दोन मराठी बिऱ्हाडं फर्निचर टाकून परत गेली, एकीची तुळस मी उचलून आणली. नवी नोकरी उम्म अल कुवैनला, पत्र्याच्या कारखान्यात. आम्ही इकडे दुबईत, बर्शाला, म्हणजे तासाभराच्या वर लांब. साहेब म्हणाला, पहिले काही दिवस बघेन मग व्हिसा लावेन, सकाळी सातला हजर पाहिजेस, गाडी स्वतःची पाहिजे. जुना व्हिसा ऑक्टोबरअखेर संपतो. त्याआधी नवा लागला नाही तर सगळ्यांनी परत गावी, नातीची शाळा अर्धी सोडून.
पण लागेल. मी शिरा केला. नात मिठूने दोनदा मागून खाल्ला, बाई गं, माझं मन कसं भरून आलं.

ता. २६, शनिवार
गाडी आली. पांढरी, मोठी. शारजाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून. जपानी कंपनीची पण अमेरिकेत चाललेली, तिथून बोटीने आली. अकरा हजार दिरम. सुजाता म्हणजे सूनबाईने लगेच तोंडाने तेराने गुणून रुपये केले, म्हणाली आई दीड लाखाला थोडे कमी. तशीच इथली गाडी वीस हजार दिरमच्या खाली नाही म्हणे. विकणारा पठाण सांगत होता, "हबीबी, एक मेमसाब चलाती थी, सिर्फ बाजार जाती थी." कागदावर सही घेतली आणि म्हणाला तीन दिवसांत काही निघालं तर परत आणा, नंतर खलास.
आम्ही सगळे बसून एक चक्कर मारली. मी पुढे. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, अमेरिकेच्या गाडीत पुढे बसले. मिठू मागून म्हणते, "आजी, इट स्मेल्स लाइक अ फिश टँक." प्र. म्हणाला एसी बरेच दिवस बंद होता, जाईल वास.

ता. २८, सोमवार. दसरा
गाडीची पूजा करायची म्हणून सकाळी ओलं फडकं घेऊन खाली गेले. झेंडू बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून सू.ने कालच आणलेला. मागची सीट पुसताना तो बांधायचा पट्टा ओढला. ओढत गेले. शेवटचा वीतभर मातकट, आणि तिथे सरळ रेघ. नाक लावलं.
हा वास मला माहीत आहे. महाडला आमच्या घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा गाद्या किती वेळा धुतल्या, उन्हात घातल्या. नाही गेला. शेवटी फेकल्या.
पट्टा सोडला, आत गेला सुर्रकन.
प्र. खाली आला तर नवा शर्ट घालून. किती दिवसांनी दाढी नीट केलेली. म्हणाला, "आई, नारळ मी फोडू का तू?" आता सणाच्या दिवशी, हळदकुंकू लावलेल्या गाडीला कसं काय म्हणायचं, ही बुडालेली आहे. उद्या सांगीन. उद्याचा दिवस आहे अजून.

ता. २९
नाही सांगितलं. साहेबाला फोनवर सांगत होता, येस सर, कार इज रेडी.

ता. १ ऑक्टो.
पहिला दिवस. सातला दहा कमी असताना पोचला. मी पोळ्या नि भेंडी दिली होती. मलाच वाटलं, वास मनाचाच असेल.

ता. ६
काचा खाली होईनात, दिवे आपोआप लागले. मग रस्त्यातच बंद. दीड तास उशीर.

ता. ८, गुरुवार
परत बंद पडली. शेवटी टॅक्सीने गेला. साहेबाने सांगितलं, आणखी एकदा झालं तर येऊ नकोस.

ता. ९, शुक्रवार
केरळचा मेकॅनिक आला होता. सीटखालचा गालिचा उचलून दाखवला. "ये गाडी पानी में बैठा था, भाई. अंदर का वायर सब सड गया. आज ये बंद, कल वो बंद." पठाणाला फोन केला तर म्हणाला तीन दिन बोला था.
मी म्हटलं, मला दसऱ्यालाच कळलं होतं.
प्र.ने हातातला फोन खाली ठेवला. "मग बोलली का नाहीस?"
"सण होता रे."
"आणि दुसऱ्या दिवशी?"
सू. भांडी घासत होती, नळ बंद केला तिने. मिठूला काही कळलं नाही, माझ्या मांडीवर येऊन बसली. तेवढीच एक बसली.

ता. १३
प्र. जेवायला वाढलं की नुसतं बास म्हणतो. कारखान्यातल्या एकाबरोबर जातो, तोही महिनाअखेर सोडून चाललाय. गाडी विकायची, त्या पैशात दुसरी घ्यायची, असं ठरलं. गालिचा बदलला, वासाच्या बाटल्या लावल्या. मला म्हणाला, "कोणी आलं तर तू आत राहा, आई. प्लीज."

ता. १६, शुक्रवार. उद्या लक्ष्मीपूजन
गिऱ्हाईक आलंय. आपलाच, दापोलीकडचा. जबल अलीच्या बंदरात क्रेन चालवतो, संजय नाव. पुढच्या महिन्यात बायको नि तान्हं बाळ येणार, त्यांच्यासाठी गाडी. चक्कर मारून आले, आज मेली कुठे बंद पडली नाही. मी आतच होते. पण तो स्वतः स्वयंपाकघराच्या दारात आला, चपला बाहेर काढून. पाया पडला.
"आजी, मला गाडीतलं कळत नाही. यांना विचारलं तर विकणारा माणूस चांगलीच म्हणणार. तुम्ही सांगा, घेऊ ना?"
त्याच्या मागे प्र. उभा. माझ्याकडे बघत नव्हता, फरशीकडे बघत होता. महिना आणि व्हिसा संपायला पंधरा दिवस.
मी म्हटलं, बस बाबा, चहा टाकते, मग सांगते.
दोघं बाहेर बसलेत. सू. मिठूला घेऊन खोलीत गेली, दार लावलं. मी ओट्याशी उभी राहून हे लिहितेय. दूध घातलं, आलं घातलं. वर आला चहा. आच कमी केली.