काशिराममामाची मुलाखत

मामा,

सोमवारी कॉलेजात इंटर्नशिपचा अहवाल द्यायचा आहे आणि सोबत छापून आलेल्या लेखनाची फाईल. पनवेलच्या साप्ताहिकात मी लिहिलं ते बहुतेक बिननावाचं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचं. माझ्या नावाने एकच बातमी आली, तुझ्या मुलाखतीची.

तू म्हणाला होतास, "भराव टाकला तवापासून खाडीत मासली नाय. आमी कुठं जावाचा?" मी तसंच लिहून दिलं. पण त्या अंकात भरावावरच्या गोदामांची पानभर जाहिरात होती. संपादकांनी तुझं बोलणं काढलं आणि फोटोखाली छापलं, 'मच्छीमारांकडून विकासाचं स्वागत'.

तुला वाचता येत नाही. भाचीचं नाव आलं म्हणून तू गठ्ठाभर अंक घेतलेस आणि स्वतः बंदरावर वाटलेस. आता तिथे तुला "काय शेठ, गोदाम कवा घेतलास?" म्हणतात. कुणी बोटीवर घेत नाही, असं आई सांगते. मला मात्र तू एका शब्दाने विचारलं नाहीस.

कॉलेजातल्या मॅडमना ती बातमी आवडली. फाईलमध्ये आता बातमीवर तुझा अभिप्राय हवा, सहीसकट. तो नसेल तर माझं वर्ष जाईल.

माझा भाऊ केतन हे पत्र तुला वाचून दाखवून सही आणणार होता. सगळं ऐकूनही तू म्हणशील, "पोरीचा वरीस नको जावाला," आणि सही करशील. मग बंदरावरचे म्हणतात ते तुझ्या सहीनेच खरं ठरेल.

केतनला मी थांबवलं आहे; हे पत्र माझ्याजवळच राहील. फाईल सहीशिवायच देईन.

तुझी,
प्राची