गिट्टीला जोडलेले हात

बाबा, धाकट्याने तुमची मोटार रंगवून घेतली. मूळचा काळा रंग त्याला उदास वाटत होता, म्हणून आता ती पिकल्या लिंबासारखी दिसते. नागपूरला जुन्या मोटारींचा मेळा भरतो, तिथे तो तिला मिरवणार आहे. मेळ्याची एक पुस्तिका निघते. आंधळी वळणं आणि अचानक समोर येणारे खोदलेले रस्ते, यांतून जुनी मोटार कशी सांभाळून न्यावी, यावर त्याला तिच्यात पानभर मजकूर द्यायचा आहे, आणि तो मी लिहायचा, कारण घरात लिहिणारी मीच. "बाबा वळणावर किती जपून चालवायचे, तेच लिही ना ताई," तो फोनवर म्हणाला, "त्यांच्या हातून जन्मात एक अपघात झाला नाही." मी फोन ठेवला आणि हसले. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमच्या आठवणीने हसू आलं ते पहिल्यांदाच, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

तुम्ही जपून चालवत नव्हता. तुम्ही दिमाखात चालवत होता. वाशीमला तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली एक वकीलसाहेबांची, म्हणजे तुमची. कुणीतरी वापरून टाकलेली, कापडी टपाची, समोरून हँडल मारल्यावर खोकत सुरू होणारी. तिचा ब्रेक तीनदा दाबावा तेव्हा लागे, आणि लागला की गाडी डावीकडे ओढ घेई. स्टिअरिंग पाव वेढा नुसतंच फिरे. अशी गाडी चालवणाऱ्याने नम्र असायला हवं. तुम्ही नम्र फक्त न्यायाधीशासमोर होत होता. दाराबाहेर रबरी फुग्याचा भोंगा होता, त्याला तुमचा हात लागत नसे. "भोंगा ट्रकवाल्यांनी वाजवावा," तुम्ही म्हणायचात, "आपली गाडी लोक आवाजावरून ओळखतात." लोक ओळखत असतीलही. शेळ्या ओळखत नव्हत्या, बैल ओळखत नव्हते, आणि वळणापलीकडचा खड्डा तर मुळीच ओळखत नव्हता.

भोंग्याऐवजी तुमच्याकडे देव होते. आपल्याकडच्या रस्त्यांना त्यांची कमी नाही. कुठे बाभळीखाली मरीमाय, कुठे बांधावर म्हसोबा, चार दगड, शेंदूर, काठीला लाल कापड. लाल कापड दिसलं की तुम्ही स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून छातीशी जोडायचात, स्टिअरिंग गुडघ्यांत धरायचात आणि मान वळवून माझ्याकडे बघायचात. शेजारी बसलेली दहा वर्षांची मी, मीही हात जोडायचे. घरी आईच्या देवपूजेला तुम्ही भातुकली म्हणायचात. तिच्या सोबतीने कधी देवाला फूल वाहिलं नाहीत. भक्ती तुम्हाला फक्त गाडी चालवताना सुचायची, जेव्हा हात दुसऱ्या कामात असायला हवे होते.

वैशाखातली ती दुपार. आपण दोघंच रिसोडहून लग्न उरकून परत येतोय. टप मागे टाकलेला आहे, तुमच्या कोटाला अत्तराचा वास आहे. नाल्याच्या अलीकडे रस्ता टेकाडाला वळसा घालतो आणि पुढचं काही दिसत नाही. त्या वळणाच्या तोंडाशी दगडांचा ढीग, ढिगात रोवलेली पऱ्हाटी, कपाशीची वाळकी काटकी, आणि पऱ्हाटीला लाल कापड. तुम्ही हात जोडता. मी हात जोडते. वळणापलीकडे मोरीचं काम चाललेलं असतं, अर्धा रस्ता खणलेला असतो. तुमचे हात स्टिअरिंगवर परत येतात, ब्रेक एकदा दाबला जातो, दुसऱ्यांदा दाबला जातो, तिसऱ्यांदा दाबायला रस्ता उरत नाही. गाडी डावीकडे ओढ घेते, त्याच ढिगाच्या दगडांवर घासत जाते, पऱ्हाटी आडवी करते आणि पुढचं चाक खड्ड्यात बसतं. खड्ड्यातून घमेलं घेऊन वर येणारी एक बाई घमेल्यासकट मागे उडी मारते आणि हातावर पडते.

तुम्ही उतरलात. आधी मडगार्ड पाहिलंत. ते मी विसरलेले नाही, बाबा. ती बाई मनगट धरून बसली होती, आणि तुम्ही मडगार्डवरून बोट फिरवत होतात. मग मागे जाऊन, पडलेल्या पऱ्हाटीचं ते लाल कापड ओढून काढलंत आणि चाक चाचपताना हाताला लागलेलं ग्रीस त्याने पुसू लागलात. तोवर झाडाखाली लवंडलेला मुकादम धावत आला. तुम्ही त्याच्यावर कोर्टातला आवाज काढलात. खणलेल्या रस्त्यावर निशाण नाही, माणूस मेला असता, वरपर्यंत कळवतो. मुकादमाचं तोंड उतरलं, आणि त्याने ते लगेच त्या बाईकडे वळवलं.

"काहून वं, तुले सकाळी सांगतलं व्हतं ना झेंडा लाव म्हून?"

"लावला ना," बाई बसल्या जागेवरून म्हणाली. "तुमी तं झेंडा देल्लाच नाई. म्या मायाच लुगड्याचा काठ फाडून लावला. हे पाहा." हिरव्या लुगड्याचा पदर तिने पुढे केला. त्याचा लाल काठ हातभर फाडलेला होता. "अन् तो साहेबाच्या हातात हाय."

तुम्ही हातातल्या कापडाकडे पाहिलंत. पुसणं थांबवलं मात्र नाहीत. "हे आमच्या मोटारीतलं फडकं आहे."

"तुमच्या मोटारीतलं?" ती उठून उभी राहिली. मनगट सुजू लागलं होतं. "मंग हात कोणाले जोडले जी तुमी? म्या खड्ड्यातून वर येऊन राह्यली व्हती, दगडाच्या वरतून दिसलं मले. बापानंबी जोडले, पोरीनंबी जोडले. गिट्टीले जोडले का?"

कामावरच्या बायका फिसकन हसल्या. मुकादमही हसला आणि मग घाबरून खोकला. तुमचे कान लाल झाले. सगळा जिल्हा ज्यांच्या उलटतपासणीचं नाव काढायचा, त्या वकीलसाहेबांना रस्त्याची खडी वाहणाऱ्या एका गिट्टीवालीने दोन वाक्यांत गप्प केलं होतं. तिथे तुम्ही हसला असता, "बाई, चुकलो" म्हणाला असता, तर मी जन्मभर तुमची पूजा केली असती. पण तुमच्याकडे एक साक्षीदार शिल्लक होता.

"बेटा," तुम्ही मला म्हणालात. इतका मऊ आवाज तुम्ही घरी कधी काढला नव्हता. "हे आपलंच फडकं ना?"

मी हो म्हणाले.

"झालं," मुकादम म्हणाला. "वकीलसाहेबाची पोर का खोटं बोलन? उद्यापासून येऊ नको तू."

ती रडली नाही. फाटका पदर तिने कमरेला खोचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जाऊ दे वं बाई. बापाचीच पोर तू." मग त्याच बायकांनी आपली गाडी खड्ड्यातून वर ढकलली. तीही लागली, एका हाताने. तुम्ही स्टिअरिंगवर बसून "जोर लावा" म्हणत होतात.

घरी आईने ते फडकं मोटारीतून धुवायला काढलं. चुलीपुढे बसून तिने काठ उलटा करून पाहिला. बाईमाणसाला लुगड्याचा काठ ओळखायला वकिली लागत नाही. "हे कोणाचं?" तिने विचारलं. "रस्त्यात सापडलं," तुम्ही म्हणालात, आणि आंब्याचा रस मागितलात. आई माझ्याकडे बघत राहिली. मी पोळी चावत राहिले. तिने ते फडकं धुतलं नाही, चुलीतही घातलं नाही. घडी करून फडताळात ठेवलं. तुमच्याशी मात्र ती आठ दिवस फक्त कामापुरतं बोलली. तुम्हाला ते कळलंही नाही. तुम्ही कोर्टाच्या बाररूममध्ये तो किस्सा रंगवून सांगत होतात. मजूर किती बेपर्वा असतात, याचा नमुना म्हणून.

आणि तरीही, रिसोडच्या रस्त्याला त्या वळणावर तुम्ही त्यानंतर भोंगा वाजवू लागलात. फक्त त्या एकाच वळणावर. आणि कुठल्याच लाल कापडाला पुन्हा हात जोडले नाहीत. म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं. न कळणाऱ्या माणसाला मी केव्हाच माफ केलं असतं.

आता मी स्वतः गाडी चालवते. धाकट्याला मी खरोखरच पानभर मजकूर लिहून दिला. वळणात ब्रेक दाबू नये, वेग वळणाआधीच कमी करावा, गिअर उतरवावा. डावी कड सोडू नये. जेवढा रस्ता डोळ्यांना दिसतो तेवढ्यात गाडी थांबेल एवढ्याच वेगाने जावं, आणि जुनी गाडी थांबायला दुप्पट रस्ता मागते हे धरून चालावं. भोंग्याची लाज वाटू देऊ नये. रस्त्यात दगडांचा ढीग आणि लाल कापड दिसलं तर आधी थांबावं आणि दगडांना शेंदूर आहे का ते बघावं. शेंदूर नसेल तर तिथे माणसं काम करत असतात. धाकट्याला हे शेवटचं वाक्य फार गमतीचं वाटलं. खाली तुमचं नाव घालू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हणाले.

फडताळातला तो काठ आई गेल्यावर माझ्याकडे आला. त्यावरचं ग्रीस अजून तसंच आहे. हे कागद मी त्याच्यात गुंडाळून ठेवणार आहे. तुम्हाला पाठवायचे तरी कुठे, आणि जिला पाठवायला हवे होते तिचं नावही आपण विचारलं नाही.

एक मात्र तिच्या मुकादमाला, आईला, कुणालाच सांगितलेलं नाही. त्या दगडांना शेंदूर नव्हता, हे मला वळणाच्या आधीच दिसलं होतं. मी बोलले नाही. हात जोडताना तुम्ही माझ्याकडे बघायचात, एरवी कधी बघत नसायचात.